खालचा आवाज

वस्तादांच्या गॅरेजमध्ये 'बहुतेक' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणी चुकून म्हणालंच, "बहुतेक शॉकॲब्जॉर्बर गेलाय," तर वस्ताद हातातलं काम थांबवून कोपऱ्यातल्या घागरीकडे बोट दाखवायचे. ती घागर उचलायची, शेजारच्या ट्रकच्या वजनकाट्यामागच्या बोअरवर जाऊन भरून आणायची आणि मग पहिल्यापासून बोलायला सुरुवात करायची. यात कुणालाही सूट नव्हती. मी ज्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करतो, तिथल्या डॉक्टरांनीसुद्धा एकदा इस्त्रीच्या पँटवर पाणी सांडत ती घागर आणली होती. घागर ठेवून डॉक्टर हसत म्हणाले, "वस्ताद, माझा अर्धा धंदा याच शब्दावर चालतो."

वस्ताद हसले नाहीत. "म्हणून तर तुमच्याकडं गर्दी हाय," म्हणाले.

उमरग्याच्या बाहेर, हैदराबादच्या अंगाला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नव्हती. सगळे त्यांना वस्तादच म्हणायचे. खरं नाव मला आजही माहीत नाही. उंच, काटकुळा माणूस, साठी ओलांडलेला, आणि अंगात कायम पांढरा फुल शर्ट. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट! संध्याकाळी घरी जातानाही त्याच्यावर एक डाग नसायचा. याचं कौतुक केलं की म्हणायचे, "डाग म्हंजे घाई. ज्याच्या अंगावर ग्रीस, त्याच्या हातात गाडी देऊ नका."

उमेदीची बरीच वर्षं त्यांनी हैदराबादेत काढली होती. त्यामुळं माणसांशी ते मराठीत बोलायचे, कर्नाटकातल्या ट्रकवाल्यांशी कानडीत आणि गाड्यांशी मात्र दखनीत. चाकाशी उकिडवं बसून हळूच विचारायचे, "कायकू रोती गे तू?" आणि खरंच उत्तर येणार असल्यासारखे थांबायचे. दुपारचं जेवण झालं की पोतं अंथरून एखाद्या उभ्या ट्रकखाली झोपायचे, तिथं गारवा असतो म्हणून. एकदा रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं नुसते पाय बाहेर आलेले बघितले आणि मोठ्यानं बोंब ठोकली. दहा-पंधरा माणसं धावत आली. वस्ताद खालूनच म्हणाले, "जित्ता हाय. चार वाजता या."

अशा माणसाकडं मी गेलो तो खोटं बोलायला.

झालं असं, की सत्ताविसाव्या वर्षी मी एक जुनी हॅचबॅक घेतली होती. आमच्या घरात आलेली पहिली गाडी. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याच्या पडद्याला साखरेमुळं सूज आली होती आणि दर महिन्याला त्यांना सास्तूरहून सोलापूरला इंजेक्शनसाठी न्यावं लागायचं. गाडी घेतली ती त्यासाठी. पण घेतल्यावर मोबाइलवर नको ते व्हिडिओ बघण्याचा नाद लागला. मूळ स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड स्प्रिंगा टाकल्या की गाडी जमिनीला चिकटल्यासारखी खाली बसते, आणि दिसते अशी की रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. मी तशा स्प्रिंगा मागवल्या आणि एका रविवारी मित्राच्या अंगणात, मोबाइल समोर टेकवून, आम्ही दोघांनी त्या बसवल्या. माणसं खरंच वळून बघायला लागली. आठवडाभर मी हवेत होतो.

मग आवाज सुरू झाला. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की टण्ण, आणि स्पीडब्रेकरवर, खड्ड्यात धप्प. मला तो त्रासदायक वाटला, पण सोसण्यासारखा. आप्पांना तसा वाटला नाही. त्या महिन्यात सोलापूरला जाताना नळदुर्गच्या अलीकडं त्यांनी एकाएकी दार वाजवलं. "थांबीव." मी गाडी बाजूला घेतली. ते उतरले, रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि म्हणाले, "म्या ह्या गाडीत बसणार न्हाय."

"का? काय झालं आप्पा?"

"तुझी गाडी वाजती."

मी समजूत घातली, चिडलो, शेवटी हात जोडले. ते उठले नाहीत. एका ओळखीच्या माणसाच्या पिकअपमधून ते परत सास्तूरला गेले. इंजेक्शन चुकलं. नंतर मी जीप ठरवतो म्हणालो तर म्हणाले, "मला कुठंच जायचं न्हाय आता." दिवसभर ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "एक चुकलं ते चुकलं. दुसरं चुकवू नका. पडद्याचं गेलेलं परत येत नाही." पुढच्या तारखेला नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांतल्या पहिल्या दोन दिवसांत मी तीन गॅरेज फिरलो. एकानं लिंक रॉड बदलला, दुसऱ्यानं सगळे नट आवळले, तिसरा म्हणाला, "गाडी जुनी आहे, वाजणारच." मग दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वस्तादांचं नाव काढलं, घागरीची सूचना देऊन.

पहिल्या भेटीत वस्तादांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "आवाज कधीपासनं?"

"महिना होत आला."

"महिन्याभरामागं काय बदललं?"

मला लाज वाटली. म्हाताऱ्या बापासाठी घेतलेली गाडी नटवली, हे कसं सांगायचं? म्हणालो, "काही नाही."

वस्ताद उठले. गाडीजवळ गेले, टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत दोन बोटं घातली. तिसरं बोट जाईना. माझ्याकडं वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, "मग गाडी स्वतःहून बसली का खाली? आठवलं की या." आणि ट्रकखाली झोपायला निघून गेले.

मी चिडून परत आलो. दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि सगळं सांगितलं: व्हिडिओ, मित्राचं अंगण, रविवार, सगळं. ते मान डोलवत ऐकत होते. मी शेवटी म्हणालो, "वस्ताद, जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत. त्याच परत टाका. बहुतेक आवाज जाईल."

मी घागर भरून आणली.

परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "तुम्ही रक्त तपासता न्हव? माणसाचं तोंड बघून लिहून देता का, की ह्याला साखर हाय म्हणून?"

"नाही."

"मग हितं का देता? जुन्या स्प्रिंगा टाकल्या आन् आवाज गेला तर तुम्हाला काय कळलं? कायबी न्हाय कळलं. आन् न्हाय गेला तर?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ह्या आवाजाचा सगळ्यात जास्ती तरास कुणाला हुतो?"

"वडिलांना. ते गाडीत बसायलाच तयार नाहीत."

"त्यांना आणा."

"त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, वस्ताद. गाडीतलं काही कळतही नाही."

"मला बघणारा नको, ऐकणारा पायजे. ज्याला तरास हुतो त्यानं त्यो आवाज सगळ्यात जास्ती ऐकलेला असतोय. तुम्ही त्यो ऐकायचं कवाच सोडून दिलंय."

गाडी वस्तादांकडंच ठेवून आप्पांना मी एसटीनं आणलं. कसं आणलं ते माझं मला ठाऊक. एक मेकॅनिक आहे, त्याला तुमची मदत हवीय, असं सांगितलं तेव्हा कुठं ते धोतर बदलायला उठले. त्यांच्याकडं कुणी मदत मागून बरेच दिवस झाले होते.

वस्तादांनी त्यांना वाकून नमस्कार केला, पाणी दिलं आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "आप्पा, तुमचा लेक म्हणतोय आवाज एकच हाय. मला वाटायलंय दोन हायत. तुम्ही निकाल द्या."

आप्पा गाडीकडं तोंड करून उभे राहिले. दाराला हात लावेनात. वस्तादांनी ते पाहिलं असावं, पण तसं दाखवलं नाही. "गाडी म्या चालवणार," ते म्हणाले, "बैलगाडीच्या चालीनं. तुम्ही बोट वर केलं की जागच्या जागी उभी. तुमच्या हुकमाबिगर चाक फिरणार न्हाय."

"खरं?"

"खरं."

आप्पा पुढं बसले, मी मागं. वस्तादांनी दाराबाहेरच चपला काढल्या आणि अनवाणी पायांनी गाडी नारंगवाडीच्या रस्त्याला घेतली. काचा खाली, कुणी बोलायचं नाही. पहिल्या वळणावर टण्ण झालं. आप्पांचं बोट वर. गाडी उभी. "ह्यो एक," आप्पा म्हणाले. पुढं पुन्हा वळण, पुन्हा बोट. "ह्यो बी त्योच." वस्ताद खडूनं डॅशबोर्डवर रेघ मारत होते. मला नवल वाटलं, आप्पा ताठ बसले होते, मान एका बाजूला कलती, चेहऱ्यावर लक्ष देणाऱ्या माणसाचे भाव. तसे मी महिन्याभरात पाहिले नव्हते.

मग स्पीडब्रेकर आला. धप्प. बोट वर झालं नाही. आप्पांनी दोन्ही हातांनी सीट पकडली होती. वस्तादांनी इंजिनच बंद केलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, समोरून एक मोटरसायकल गेली.

"आप्पा, वळणावरचा आवाज कसा वाटला?"

"भांडं पडल्यावानी. वरच्या वर हाय त्यो. त्याचं काय न्हाय."

"आन् आत्ताचा?"

आप्पा समोरच्या काचेकडं बघत बोलले.

"भूकंपाच्या पहाटं आदी आवाज आलता. लोक म्हंत्यात, हाललं, हाललं. पर हालायच्या आदी आवाज आला. खालनं. असाच, धप्प. म्या उठून बसलो. म्हनलं, कशाचाय? आई शेजारच्या खोलीत व्हती. हाक मारावी का म्हनलं, झोपलीया, कशाला उठवावं. तेवढ्यात…" ते थांबले. "हाक मारायची ऱ्हायली."

मी त्र्याण्णवच्या त्या भूकंपानंतर तीन वर्षांनी जन्मलो. आमचं सास्तूर म्हणजे सरळ रस्त्यांचं, ओळीत घरं असलेलं नवं गाव. जुनं मी पाहिलेलं नाही. आजी भूकंपात गेली हे माहीत होतं, घरात तिचा फोटो आहे. पण ही न मारलेली हाक आप्पांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. आणि मी तो आवाज पैसे मोजून, हौसेनं, त्यांच्या पायाखाली आणून बसवला होता. मागच्या सीटवर मला मान वर करवेना.

वस्तादांनी फक्त विचारलं, "आप्पा, आत्ताचा आवाज आदी कानाला लागला, का पायाला?"

आप्पांनी विचार केला. "पायाला."

"मलाबी. बास. कळला मला त्यो." त्यांनी गाडी सुरू केली. "खालचा आज काढतो. वरचा उद्या."

शेडमध्ये येताच त्यांनी गाडी जॅकवर घेतली. आधी वरच्या आवाजाची खात्री केली: स्प्रिंग आणि ती जिच्यात बसते ती वाटी, दोन्हींवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली आणि मला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. टण्ण झालं आणि रेघ तुटली. वरचा तुकडा बोटभर सरकला. "स्प्रिंग अडकती आन् उडी मारती," ते म्हणाले. "वरचं बेअरिंग तुम्ही उलटं बसवून चेपलंय. ते मागवावं लागंल." मग त्यांनी सगळं उतरवलं आणि आतून एक काळं, मुठीएवढं रबर काढलं. एका बाजूनं ते दबून चकचकीत झालं होतं. ते त्यांनी आधी पुसलं आणि माझ्या हातात न देता आप्पांच्या हातात दिलं.

"हात फिरवून बघा. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबती. लई दबली तर लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून शेवटाला हे रबर असतंय. गाडी जिथं असायला पायजे तिथं असली, तर ह्याला वर्षात दोन-चार येळा काम. तुमच्या लेकानं गाडी इतकी खाली बसवली, की जरा खड्डा आला की सगळं वजन ह्याच्यावर."

आप्पांनी रबर चाचपलं. "एवढंसं?"

"एवढंसंच."

"त्यो आवाज ह्याचाच?"

वस्तादांनी लोखंडी पट्टी जमिनीवर आडवी टाकली. "मारून बघा."

आप्पांनी बसल्या जागेवरून ते रबर पट्टीवर आपटलं. धप्प. परत आपटलं, जोरात. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. प्रत्येक वेळी आवाज त्यांच्या हातातून येत होता आणि त्यांनी हात थांबवला की थांबत होता. शेवटी त्यांनी ते वस्तादांना परत दिलं आणि म्हणाले, "च्या मागवा की हो."

मी एकाची मोटरसायकल मागून घरी गेलो आणि माळ्यावरच्या जुन्या स्प्रिंगा घेऊन आलो. संध्याकाळपर्यंत नवीन रबरांसकट त्या बसल्या. बोल्ट शेवटचे आवळताना वस्तादांनी गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी केली. चाकं लोंबकळत असताना आवळलेले बोल्ट नंतर कुरकुरतात, म्हणाले. गाडी पुन्हा पहिल्यासारखी उंच, साधी, शाळेच्या मास्तरांच्या गाडीसारखी दिसायला लागली. खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईट वाटलंच.

त्याच संध्याकाळी मी आप्पांना त्या गाडीतून सास्तूरला घरी नेलं. पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा त्यांनी सीट पकडली. गाडी वर गेली, खाली आली, आवाज नाही. दुसऱ्याला एक हात सुटला. पुढं वळणावर टण्ण झालं तसा मीच दचकलो. "उद्या बेअरिंग येईल, आप्पा, मग हाही जाईल."

"वाजू दी की," आप्पा म्हणाले. "वरचाय त्यो."

ठरलेल्या तारखेला आम्ही सोलापूरला पोचलो, वेळेच्या अर्धा तास आधी. पुढची एकही तारीख चुकली नाही. उजव्या डोळ्याचं जे गेलं ते गेलं, डावा वाचला. आता ते एसटीची पाटी वाचतात, मोठ्या अक्षरांतली लग्नपत्रिका वाचतात आणि मला गाडी हळू चालवायला सांगतात.

पण सांगायचं वेगळंच आहे. वस्तादांनी आप्पांना सोडलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांचा मला फोन, "आप्पा येणार हायत का? एक जीप आलीया, मागनं चिरकती. मला एकट्याला उलगडंना." आप्पा एसटीनं गेले. परत गेले. नंतर तो पायंडाच पडला. शेडमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची आली. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग आप्पांनी बोट वर केल्यावर गप्प व्हायची. घरी आल्यावर आप्पा मला समजावून सांगायचे, की कुठल्या गाडीचा कुठला रबरी बुश गेला होता आणि वस्तादांचं कुठं चुकलं होतं. वस्तादांचं चुकतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि वस्तादांनी शेड बंद केलं. गाडीखाली जाता येईना. लेकीकडं राहतात, उमरग्यातच. मला वाटलं, संपलं सगळं. तर मागच्या महिन्यात रविवारी सकाळी आमच्या दारात एक अनोळखी पांढरी गाडी उभी. आत वस्ताद, त्याच पांढऱ्या शर्टात. कुण्या शिक्षिकाबाईंची गाडी होती, जिच्यापुढं चार मेकॅनिकांनी हात टेकले होते. ओसरीवर बसून त्यांनी मोबाइलवर आप्पांना तो आवाज ऐकवला.

आप्पांनी मोबाइल कानाला लावला, लगेच परत दिला. "ह्येच्यावर न्हाय कळत."

"म्हणून तर गाडी आणलीया. चला."

"आत्ता? भाकरी व्हायची हाय माझी."

"येऊन खावा की."

ते दोघे माकणीच्या रस्त्यानं गेले. मी ओसरीतून बघत होतो. गाडी दर शंभर पावलांवर थांबत होती, खिडकीतून एक बोट वर येत होतं, गाडी मागं जात होती, परत पुढं येत होती. दोन तासांनी परत आले ते पेरू खात. वस्तादांच्या पांढऱ्या शर्टावर पेरूच्या बिया होत्या आणि दोघं काहीतरी आठवून हसत होते.

"सापडला का?" मी विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले, उतरता उतरता वस्तादांच्या खांद्याचा आधार घेत. "लई बेरकी हाय. उद्या परत जातो आमी."